बेंडीचा खेळ कसा खेळावा: हसऱ्या कार्टूनमधली भीती पुरेपूर अनुभवण्यासाठी

बेळगावात विसर्जन आटोपल्यावर मंडळाचे हलते देखावे ज्या शेडमध्ये ठेवतात, तेथे दिवेलागणीला एकट्याने शिरलेल्या माणसाला ‘बेंडी अँड द इंक मशीन’ या भीतिदायक व्हिडिओ गेमचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. दहा दिवस मान डोलावून पोराबाळांना हसवणारा पुठ्ठ्याचा राक्षस तेथे मोटर काढून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, पण त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र होते तसेच असते. या खेळातली भीती अशाच न मावळणाऱ्या हसण्याची आहे, आणि ती अंगावर यायची असेल तर खेळ घाईने संपवण्याची सवय प्रथम बाजूला ठेवावी लागते.

कॅनडातील एका छोट्या चमूने या खेळाचा पहिला भाग फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि पाचवा, म्हणजे शेवटचा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये आणला. कथा १९६३ सालात घडते. हेन्री नावाचा जुना चित्रकार, पूर्वीचा भागीदार जोई ड्रू याचे पत्र मिळाल्यामुळे, तीस वर्षांनी आपल्या ओसाड कार्टून स्टुडिओत परततो. तेथे बेंडी नावाच्या छोट्या सैतानाची चित्रे सर्वत्र लावलेली असतात, भिंतींतल्या नळांतून शाई गळत असते आणि मधोमध एक अजस्र यंत्र बंद पडलेले असते. सुरुवात करण्यापूर्वी याहून अधिक काही वाचू नये. शेवट आधीच सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून विशेष सावध राहावे.

खेळाला हात घालण्यापूर्वी अर्धा तास जुनी, मूळ कृष्णधवल कार्टूने पाहावीत, हा माझा पहिला आग्रह आहे. १९२० च्या दशकातील या पात्रांच्या हातापायांना कोपर किंवा गुडघा नसे. रबरी नळी वाकवावी तसे ते हवे तिकडे वळत, कारण सांध्यांचा विचार न करता अशी आकृती झपाट्याने रेखाटता येई आणि एका सेकंदाच्या हालचालीसाठी बारा किंवा चोवीस चित्रे काढणाऱ्या हातांना तेवढाच दिलासा मिळे. काळ्या अंगासमोर काळा हात दिसेनासा होई, म्हणून पुढे पांढरे हातमोजे आले. मिकी माउसच्या हाती ते १९२९ मध्ये चढले. अमेरिकी कार्टूनकार मॅक्स फ्लायशर यांच्या १९१८ पासूनच्या चित्रमालिकेत तर विदूषक चक्क शाईच्या दौतीतून बाहेर येतो आणि चित्रकाराची खोड काढून पुन्हा दौतीत शिरतो. हे पाहून झाल्यावर बेंडीकडे वळले की त्याच्या कर्त्यांनी नेमके काय उचलले ते ध्यानात येते. दौतीतून येणारा तो गमत्या जीव येथेही आहे, फक्त दौतीला झाकण राहिलेले नाही. ही पूर्वतयारी टाळणाऱ्याला खेळातील पिवळट रंग आणि जाड काळ्या रेषा केवळ सजावट वाटतात, आणि मग चवथ्या हिश्श्याइतकीच मजा पदरात पडते.

जागेची निवड साधी आहे. मोबाइलवरही हा खेळ मिळतो, परंतु लहान पडद्यावर कोपरे दिसत नाहीत आणि या खेळात कोपऱ्यांनाच महत्त्व आहे. म्हणून लॅपटॉप किंवा संगणक घ्यावा आणि चांगले हेडफोन लावावेत. ज्याच्या घरी ही सोय नसेल त्याने मित्राच्या खोलीवर जाऊन खेळावे. खानापूरकडच्या पावसाळी रात्रीसारखी दुसरी वेळ नाही, मात्र करंट जाण्याचा धोका त्याच रात्री अधिक असतो. यूपीएस नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरून ठेवावी आणि एकेक भाग एका बैठकीत पुरा करावा.

प्रत्यक्ष खेळताना पहिल्या भागात मुद्दाम रेंगाळावे. यंत्र सुरू करण्यासाठी सहा वस्तू गोळा करून त्या सहा चौथऱ्यांवर ठेवायच्या असतात. सरावलेला खेळाडू हे काम दहा मिनिटांत उरकतो आणि नेमके तेथेच चुकतो. वाटेत टेपरेकॉर्डर दिसतील, त्यांतील आवाज उभे राहून ऐकावेत. सफाईचे काम करणारा वॉली फ्रँक्स एका ध्वनिफितीत मालकाच्या लहरीबद्दल कुरकुर करतो आणि प्रत्येकाला आपल्या कामाच्या जागेवरची एक वस्तू त्या चौथऱ्यांसाठी द्यायला सांगितल्याचे बोलून जातो. आपण आत्ता उचललेली ती बाहुली किंवा तो पाना कुणाच्या तरी रोजच्या कामातला होता, हे एकदा लक्षात आले की रिकामा स्टुडिओ माणसांनी भरून जातो. एखाद्या बंद पडलेल्या विडीच्या कारखान्यात हजेरीचे जुने रजिस्टर हाती लागावे, तसे काहीसे वाटते.

दुसरी गोष्ट बेंडीच्या पुठ्ठ्याच्या कटआउटची. आपल्या भागात निवडणूक असो वा नव्या सिनेमाचा पहिला दिवस, माणसापेक्षा उंच कटआउट रस्त्यावर उभे राहतात आणि त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. या खेळात मात्र मागे वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. मघाशी रिकामा असलेला कोपरा परतताना रिकामा असेलच असे नाही, आणि पुढच्या भागात कुऱ्हाडीने तोडलेले कटआउट थोड्या वेळाने पुन्हा उभे दिसते. अंगावर काही धावून येत नाही, तरीही पाऊल अडखळते. ही करामत मला खेळातील सर्व पाठलागांपेक्षा मोठी वाटते.

संवाद इंग्रजीत आहेत, त्यामुळे सबटायटल सुरू ठेवावेत. शेजारचा कन्नड मित्र आणि घरची मराठी मंडळी एकत्र बसणार असतील, तर एकाने खेळावे व दुसऱ्याने ध्वनिफितींचा अर्थ थांबून सांगावा. माझ्या अनुभवानुसार तिसऱ्या माणसाने केवळ मागे बसून ‘अरे, तिकडे बघ’ म्हणावे. निम्मी भीती तोच निर्माण करतो. लहान मुलांना बाहुलीसारखा चेहरा पाहून हा खेळ त्यांचाच वाटतो, परंतु तो त्यांच्यासाठी नाही, हे घरातील मोठ्यांनी आधी स्वतः खेळून ठरवावे.

तिसऱ्या भागात थोडा धीर धरावा लागेल. तेथे लिफ्टने खालीवर जाऊन कुणाच्या तरी सांगण्यावरून वस्तू गोळा करण्याची कामे लांबत जातात आणि हाणामारीही बेतास बात आहे. बेंडी जवळ आला की भिंतींवर शाईच्या काळ्या रेषा पसरू लागतात. त्या दिसताच लढण्याच्या भानगडीत न पडता जवळच्या लाकडी खोक्यात लपावे.

पाचवा भाग संपल्यावर खेळ लगेच काढून टाकू नये. शेवटच्या भागात एक भिंग हाती येते, त्यातून पाहिल्यास भिंतींवरचा लपलेला मजकूर दिसतो, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्या भागापासूनच वापरता येते. ज्या भिंतीसमोर पहिल्या रात्री आपण काहीही नाही म्हणून पुढे गेलो होतो, तिच्यासमोर भिंग धरून सावकाश उभे राहावे.