टेबलावरच्या युद्धखेळासाठी टेकड्या, भिंती आणि सैनिक घरी कसे बनवावेत व रंगवावेत

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी स्वतःच्या हाताने भूप्रदेश आणि मिनिएचर, म्हणजे छोटे सैनिक, बनवायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, ती म्हणजे या वस्तू पाहिल्या जाणार आहेत हातभर अंतरावरून आणि हाताळल्या जाणार आहेत खेळाच्या भरात. काचेच्या कपाटात ठेवायच्या प्रतिकृतीचे निकष इथे लावून उपयोग नाही. डोळ्याजवळ धरल्यावर दिसणारी कलाकुसर टेबलावर हरवून जाते, तर जवळून भडक वाटणारा गडद आणि उजळ रंगांतला फरक तिथे नेमका उठून दिसतो. साहित्य, मापे आणि रंग या तिन्हींची निवड याच कसोटीवर करावी.

मापांपासून सुरुवात करू. सर्वांत रूढ असलेल्या २८ मिमी मापाच्या सैनिकाचे प्रमाण साधारण १:५६ ते १:६४ यांच्या दरम्यान धरले जाते. या हिशेबाने दोन मीटर उंचीचा दरवाजा सुमारे ३६ मिमीचा भरतो. परंतु सैनिक तळाशी दोन-तीन मिमी जाडीच्या चकतीवर उभा असल्यामुळे तो दरवाजा प्रत्यक्षात ठेंगणा दिसतो, म्हणून ४० मिमी उंची घ्यावी. आडोशाची भिंत छातीपर्यंत यावी, म्हणजे १८ ते २० मिमी. घराच्या मजल्याची उंची मात्र प्रमाणाने नव्हे तर खेळाडूच्या हाताने ठरते, कारण आत बोटे घालून सैनिक हलवता आला नाही तर ती खोली खेळापुरती निरुपयोगी असते. ६५ ते ७० मिमी उंची ठेवल्यास अडचण येत नाही.

टेकड्या आणि भिंतींसाठी सर्वांत चांगले साहित्य म्हणजे एक्सपीएस, अर्थात बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरला जाणारा घट्ट विणीचा फोम. थर्माकोलही पॉलिस्टायरीनचाच असतो, पण कापताना त्याचे दाणे सुटतात आणि कोरलेली रेघ त्यावर टिकत नाही. मोठ्या टेकडीच्या आतील भरावासाठी तो चालेल, दर्शनी पृष्ठभागासाठी नको. फोम कापताना कटरचे पाते लांब बाहेर काढून, तिरपे धरून, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवावे. एकाच दमात दाबून कापल्यास कड फाटते. तापलेल्या तारेने काप सफाईदार येतो, परंतु त्यातून निघणारा धूर अपायकारक असल्याने ते काम खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. फोम घासताना तोंडावर धुळीचा मास्क असावा.

टेकडी करताना २५ मिमी जाडीचे थर एकावर एक चढवावेत आणि प्रत्येक पायरीची रुंदी किमान ३० मिमी ठेवावी, म्हणजे २५ मिमी व्यासाची चकती तिच्यावर निर्धास्त बसते. एकसंध उतार दिसायला अधिक नैसर्गिक असतो, पण त्यावरून सैनिक घसरतात, आणि धातूचे असले तर हटकून घसरतात. म्हणून एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सौम्य उतार आणि माथ्यावर सपाट जागा ही तडजोड मला सर्वांत सोयीची वाटते. थर जोडण्यासाठी पीव्हीए प्रकारचा पांढरा गोंद वापरावा. फोमच्या दोन थरांमध्ये हवा पोहोचत नसल्याने तो सावकाश सुकतो, तेव्हा थरांमधून दातकोरण्या खुपसून वर वजन ठेवावे आणि रात्रभर हात लावू नये. द्रावकयुक्त चिकटद्रव्ये फोमला अक्षरशः खातात.

दगडी पडक्या भिंतीचे काम थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण हे एक तंत्र हाती आले की त्यावर पूल, विहीर, बुरूज असे बरेच काही करता येते. दहा ते बारा मिमी जाडीची फोमची पट्टी कापून तिच्यावर आधी सर्व आडव्या रेघा बॉलपेनने मोजपट्टीच्या आधाराने ओढाव्यात आणि उभ्या रेघा मोकळ्या हाताने, प्रत्येक ओळीत सांधा सरकवून, काढाव्यात. खालचा आणि वरचा सांधा एका रेषेत आला की भिंत लगेच खोटी दिसते. कोपऱ्यावर आलेली रेघ वळवून बाजूच्या अंगावरही न्यावी, कारण दगडाला जाडी असते आणि नवशिक्याचे काम नेमके तिथेच ओळखू येते. मग बोथट पेन्सिलीने त्याच रेघा रुंद कराव्यात, मधले चार-दोन दगड अंगठ्याने किंचित आत दाबावेत आणि चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा सर्व पृष्ठभागावर फिरवावा, म्हणजे दगडाचा खडबडीतपणा आपोआप उमटतो. ढासळलेली वरची कड कटरने कापू नये, बोटांनी मोडावी. दगडांची उंची पाच-सहा मिमी ठेवावी. विटांचा थर काटेकोर प्रमाणात काढायचा तर तो दीड मिमीहूनही कमी भरतो आणि हातभर अंतरावरून दिसतच नाही, म्हणून विटांच्या बाबतीत तिपटीपर्यंतची अतिशयोक्ती खुशाल करावी.

भिंत किंवा टेकडी तीन मिमी जाडीच्या एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, बसवावी आणि त्याच्या कडा घासून उतरत्या कराव्यात. एकाच बाजूला ओला गोंद आणि रंग लागल्यास सुकताना तळ वाकतो. खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात दिला की ताण सारखा होतो. मोकळ्या जागेत गोंद पसरून वाळू आणि थोडी जाड खडी पेरावी, आणि सुकल्यावर त्यावर पाणी घातलेल्या गोंदाचा आणखी एक हात द्यावा, नाहीतर रंगवताना वाळू ब्रशाबरोबर निघून येते.

फोमवर स्प्रेचा रंग थेट मारू नये, कारण त्यातील द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. काळ्या किंवा गडद तपकिरी ॲक्रिलिक रंगात पीव्हीए मिसळून त्याचे दोन हात ब्रशाने दिल्यास अस्तरही होते आणि वर टणक कवचही तयार होते. त्यानंतरचे बहुतेक काम कोरड्या ब्रशाचे आहे. जुना, रुंद ब्रश मध्यम राखाडी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि वरून खालच्या दिशेने हलकेच फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खाचा गडद राहतात. पुढचा हात अधिक फिकट रंगाचा, पण अधिक कमी जागेवर, द्यावा. नुसता राखाडी दगड निर्जीव दिसतो, म्हणून या दोन हातांच्या मध्ये काही दगडांवर पातळ तपकिरी आणि हिरवट रंग सोडावा. कृत्रिम गवत सर्वांत शेवटी लावावे, आणि तेही सरसकट पसरू नये. भिंतीच्या पायथ्याशी आणि दगडांच्या आडोशाला, जिथे ओल टिकते, तिथे लावले की पटते.

मिनिएचर पूर्णपणे स्वतः घडवणे हे वेगळ्या तयारीचे काम आहे. सुरुवातीला तयार प्लॅस्टिकच्या सैनिकाला नवा झगा, टोपी किंवा पिशवी घडवून द्यावी. त्यासाठी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लागते. निळ्या-पिवळ्या पट्टीच्या स्वरूपात मिळणाऱ्या पुट्टीत दोन्ही रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात तो मधला भाग आधीच कडक झालेला असतो, तो कापून टाकावा. दोन्ही भाग सारखे घेऊन एकजीव हिरवा रंग येईपर्यंत मळावेत; पिवळा भाग जास्त झाल्यास पुट्टी मऊ राहते, निळा जास्त झाल्यास कणखर होते, आणि तलवारीसारख्या धारदार वस्तूंना हेच उपयोगी पडते. हत्यार पाण्याने ओले ठेवावे, हातमोजे घालावेत. संपूर्ण सैनिक करायचा असल्यास एक मिमी जाडीच्या तारेचा सांगाडा वाकवून आधी त्यावर पातळ थर चढवावा, तो पूर्ण कडक होऊ द्यावा आणि मगच स्नायू आणि कपडे घडवावेत. ओल्यावर ओला थर दिला की एक बाजू करताना दुसरी चेपते.

तयार सैनिक जोडताना पॉलिस्टायरीनसाठी प्लॅस्टिक सिमेंट वापरावे, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. रेझिन आणि धातूवर त्याचा काही परिणाम होत नाही, तिथे सुपरग्लू लागतो. साच्याच्या सांध्याची उंचावलेली रेघ पात्याच्या पाठीने खरवडून काढावी. रेझिनचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही.

अस्तराचा स्प्रे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून तुटक मारावा. वरचा रंग पाणी घालून पातळ करावा आणि एका दाट हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. आतून बाहेर, म्हणजे आधी त्वचा, मग कपडे, मग पट्टे आणि शस्त्रे, या क्रमाने गेल्यास रेषेबाहेर गेलेला रंग पुढच्या टप्प्यात झाकला जातो. सर्व मूळ रंग भरून झाल्यावर गडद तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडावा, तो घड्यांमध्ये उतरून सावली तयार करतो. साचलेला थेंब स्वच्छ ब्रशाने टिपून घ्यावा. मग मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळून वरच्या कडा उजळाव्यात. चेहऱ्यावर नाक, गालाची हाडे आणि हनुवटी एवढेच उजळावे. डोळ्यांत बुबुळे काढण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. भुवईखालची गडद सावली टेबलावर पुरेशी बोलते, आणि वाकडे पडलेले बुबुळ मात्र लांबूनही खटकते.

शेवटी वॉर्निश. बोटांच्या सततच्या स्पर्शाने कडांचा रंग आधी उडतो, म्हणून प्रथम चकचकीत वॉर्निशचा हात देऊन तो सुकल्यावर वर मॅट वॉर्निश द्यावे. पहिले टिकाऊपणासाठी, दुसरे चमक घालवण्यासाठी. हवा दमट असताना मॅट स्प्रे मारल्यास सैनिकावर पांढुरके पटल येते, तेव्हा अशा दिवशी ब्रशाने लावायचे वॉर्निश वापरावे. भूप्रदेशाच्या तुकड्यांना ब्रशानेच वॉर्निश द्यावे, कारण कोपऱ्यात अस्तर न पोहोचलेली फोमची एखादी जागा हमखास राहून गेलेली असते आणि स्प्रेतला द्रावक तिथे खड्डा पाडतो.