हिदर, दिदर, व्हिदर : जुन्या इंग्रजी शब्दांची मोळी कशी बांधावी

जुनं इंग्रजी वाचताना अडलेले शब्द एकेक करून पाठ केले, तर आठवडाभरही टिकत नाहीत. त्यापेक्षा समान अक्षरांचे शब्द एकत्र बांधा. सुरुवातीला ‘आय-टी-एच-ई-आर’ ही पाच अक्षरं घ्या. यात मराठी माणसाला आयता फायदा आहे. तो पुढे कळेल.

१. शेपटाने शोधा. वनलुक या शब्दशोधाच्या साइटवर आधी तारांकन (*) आणि त्याला चिकटून ही पाच अक्षरं टाइप करा. तारांकन म्हणजे ‘या अक्षरांच्या आधी काहीही चालेल’. शेपूट मात्र फार तोकडं नको. नुसतं ‘ई-एन-सी-ई’ टाकलंत तर सायन्स, सायलेन्स अशी लॅटिनची अख्खी वरात दारात येते.

२. खडे वेचा. आयदर, नायदर रोजच्या वापरातले, ते बाजूला. स्लिदर म्हणजे सरपटणं, झिदर हे तंतुवाद्य, तेही गेले. खरा चकवा विदरचा. डब्ल्यूनंतर एच असेल तर ‘कुणीकडे’, नसेल तर ‘कोमेजणे’. माझ्या वहीत हा एच कित्येक दिवस गायब होता आणि एक प्रवासी वाट विचारण्याऐवजी कोमेजत होता.

३. उरलेल्यांचा तक्ता करा. उरले हिदर, दिदर, व्हिदर. त्यांच्या भाईबंदांनाही सोबत घ्या आणि कागदावर तीन ओळी आखा:

हिअर, देअर, व्हेअर – इथे, तिथे, कुठे
हिदर, दिदर, व्हिदर – इकडे, तिकडे, कुणीकडे
हेन्स, देन्स, व्हेन्स – इथून, तिथून, कुठून

आता उभं वाचा. एच म्हणजे आपला ‘इ’, टी-एच म्हणजे ‘ति’, डब्ल्यू-एच म्हणजे ‘कु’. आजच्या इंग्रजीने खालच्या दोन ओळींचं बरंचसं काम व्हेअर आणि फ्रॉम यांच्यावर ढकललंय. आपण मात्र तिन्ही ओळी रोज बोलतो. म्हणून पाठांतर जवळजवळ फुकट.

४. वाक्यात बसवून पाहा. १६११ च्या इंग्रजी बायबलात रूथ सासूला म्हणते, ‘व्हिदर दाउ गोएस्ट, आय विल गो’ – तुम्ही जाल तिकडे मी येईन. ‘फ्रॉम व्हेन्स’ दिसलं तर दचकू नका. ‘कुठूनहून’ म्हटल्यासारखंच आहे ते, पण त्याच बायबलातही सापडतं.

५. मेलेला आणि म्हातारा शब्द वेगळे ठेवा. मेरियम-वेब्स्टर कोशात ‘ऑब्सोलीट’ म्हणजे १७५५ नंतर ज्याच्या वापराचा पुरावा नाही असा शब्द. ‘आर्केइक’ म्हणजे अजून अधूनमधून भेटणारा. ऑक्सफर्डचा मोठा कोश मेलेल्या शब्दाआधी कट्यारीची खूण छापतो. आपले तिघे अजून धुगधुगी धरून आहेत. ‘हिदर अँड दिदर’ म्हणजे इकडेतिकडे, हे आजही छापलं जातं. ‘हिदरटू’, म्हणजे आजवर, तर चांगलाच ठणठणीत आहे.

६. आणखी मागे जायचं असेल तर शोधाचं शेपूट बदला. चौदाव्या शतकातल्या मजकुरात मधल्या टी-एचच्या जागी बहुधा डी असतो : हिडर, व्हिडर. फादर-मदरमध्येही तेव्हा डीच होता. त्यामुळे तिथे ‘आय-डी-ई-आर’ टाका आणि खडे पुन्हा पहिल्यापासून वेचा. या खेपेला सायडर आणि स्पायडर निघतील.