चेनसॉची तुटलेली चेन जोडायची कशी, आणि दोन कंपन्यांचे पार्ट एकत्र चालतात का

चेनसॉची चेन तुटली किंवा दोन-चार दात उडाले की आपल्याकडे एकतर ती चेन खिळ्याला टांगून नवीन आणतात, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडे नेऊन टाका मारून आणतात. वेल्डिंग तर अजिबात नको. चेनच्या कड्या हीट ट्रीटमेंट केलेल्या स्टीलच्या असतात, टाका मारला की आजूबाजूच्या धातूचा सगळा गुण जातो, कुठे ठिसूळ होतो कुठे मऊ पडतो आणि पुढच्या वेळी चेन तिथेच किंवा शेजारच्या कडीत तुटते, ती पण फुल रेसवर. आणि चेन अर्धी शिल्लक असेल तर टांगून ठेवायची पण गरज नाही, नीट जोडता येते.

कोकणात तर हे सारखंच लागतं. निसर्ग वादळ झालं जून २०२० ला, मग मे २०२१ ला तौक्ते, तेव्हा पडलेली झाडं तोडायला कित्येकांनी ५८ सीसीच्या मशिनी घेतल्या आणि त्या अजून चालू आहेत. बांधावरचा आंबा कापताना आतमध्ये जुनी कुंपणाची तार नाहीतर खिळा निघतोच, झाडाने तो कधीच गिळलेला असतो, बाहेरून काही कळत नाही, आणि एका क्षणात तीन-चार दातांच्या कडा उडतात. मग घरात पडलेल्या दुसऱ्या चेनचा तुकडा काढून यात घालू म्हणून बसतात आणि ती चेन असते दुसऱ्याच कंपनीची. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच.

आधी चेनमध्ये काय काय असतं ते बघा. खाली शार्कच्या पंखासारखी दिसणारी कडी, जी बारच्या (चेन ज्याच्यावरून फिरते त्या लांब पात्याच्या) खाचेतून पळते, ती ड्राइव्ह लिंक. वर दात, एक डावा एक उजवा. दातांच्या मध्ये आणि दातांच्या समोरच्या बाजूला साध्या पट्ट्या. आणि हे सगळं धरून ठेवणारे रिव्हेट. जोडायला जो पार्ट मिळतो त्यात एका पट्टीला दोन रिव्हेट आधीच बसवलेले असतात, त्याला प्रीसेट म्हणतात, दुकानात नुसतं जॉइंट किंवा चेन लॉक म्हणून मागितलं तरी देतात. सोबत एक साधी पट्टी येते. प्रीसेट एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूने पट्टी, आणि रिव्हेटची डोकी फुलवायची, झाला जॉइंट.

आता मापं. पहिलं पिच. लागोपाठचे तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत व्हर्निअरने मोजा आणि निम्मं करा. ८.२५ मिमी आलं तर ०.३२५ इंच पिच, ९.३ च्या आसपास आलं तर ३/८, ६.३५ आलं तर १/४. ५८ सीसीच्या बहुतेक मशिनींना ०.३२५ च असतं. दुसरं गेज, म्हणजे ड्राइव्ह लिंकचा जो भाग बारच्या खाचेत जातो त्याची जाडी, १.१, १.३, १.५ नाहीतर १.६ मिमी. हे मोजताना अगदी खालचा, खाचेत जाणारा भागच मोजा, वरचा भाग बऱ्याच चेनमध्ये जाड असतो आणि तिथे मोजलं की चूक होते. तिसरं, ड्राइव्ह लिंकची संख्या. २० इंची बारला या मशिनींवर साधारण ७६ असतात, २२ इंचीला ८६, पण आपली चेन स्वतः मोजा, बारवरच्या इंचावर जाऊ नका.

कंपनीचे शिक्के वाचता आले तर अर्धं काम होतं. ओरेगॉनच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवर नंबर असतो, ९१ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल (लहान ३/८) १.३ मिमी, २१ म्हणजे ०.३२५ आणि १.५ मिमी, २२ म्हणजे ०.३२५ आणि १.६ मिमी, ७२, ७३, ७५ म्हणजे मोठी ३/८, अनुक्रमे १.३, १.५, १.६. श्टिलचं वेगळं, तिथे दाताच्या पुढे जो बुटका भाग असतो, डेप्थ गेज, त्यावर पिचचा आकडा असतो, २ म्हणजे ०.३२५, ३ म्हणजे ३/८, ६ किंवा पी म्हणजे लहान ३/८. आणि ड्राइव्ह लिंकवर गेजचा आकडा, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. बिनब्रँडच्या चेनवर काही शिक्का असेल तरी मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एक घोळ फार होतो. लहान ३/८ आणि मोठी ३/८ या दोघींचं पिच कागदावर सारखंच दिसतं, पण कड्यांचा आकार वेगळा, रिव्हेट वेगळे, पट्टीची उंची वेगळी. या दोन एकमेकीत जोडायच्याच नाहीत, मोजमाप वगैरे करत बसूच नका.

आता मुद्द्याचं. पिच जुळलं, गेज जुळलं म्हणजे दोन कंपन्यांच्या चेन जुळल्या असं लोक धरून चालतात, आणि चेन परत तुटते ती इथेच. खरी जुळणी रिव्हेटची. रिव्हेट निरखून बघा, तो सरळ दांडा नसतो, मध्ये जाड असतो आणि दोन्ही टोकांना बारीक. मधला जाड भाग ड्राइव्ह लिंकच्या भोकात बसतो आणि त्याच्यावर कडी फिरते, टोकं पट्टीच्या भोकात जातात आणि तिथे घट्ट पक्की होतात. म्हणजे एका रिव्हेटला तीन मापं, मधल्या भागाचा व्यास, मधल्या भागाची रुंदी आणि टोकाचा व्यास. कंपनी बदलली की यातलं काहीही थोडंसं बदलू शकतं. मधला भाग बारीक पडला तर कडी सैल, ती थोड्या दिवसात भोक खाते. जाड असला तर आत जाणारच नाही, आणि कोणी ठोकून घातला तर कडी फिरत नाही. रुंदी कमी पडली तर दोन्ही पट्ट्या ड्राइव्ह लिंकला चिमटतात आणि जॉइंट जाम होतो. टोकाचा व्यास कमी असेल तर डोकं कितीही फुलवा, पट्टी आतल्या आत हलत राहते.

आणि नीट विचार केलात तर लक्षात येईल की एक प्रीसेट दोन ड्राइव्ह लिंकना धरतो. एका बाजूला एका कंपनीची कडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरीची असेल तर प्रीसेट कोणाचाही आणा, एक रिव्हेट तरी परक्या भोकात जाणारच. यातून पळवाट नाही. म्हणून माझं सरळ मत, जमेल तितकं एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचा तुकडा आणि त्याच सिरीजचा प्रीसेट वापरा. घरातल्या जुन्या चेन टाकू नका, कंपनीप्रमाणे आणि नंबरप्रमाणे वेगवेगळ्या तारेत ओवून ठेवा, त्यातूनच दात आणि तुकडे मिळतात. वेगळ्या कंपनीचं घालायची वेळच आली तर प्रीसेटचा रिव्हेट आधी त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या कडीत घालून बोटाने हलवून बघा किती खेळतो, मग दुसऱ्या कंपनीच्या कडीत घालून बघा. दोन्हीकडे सारखाच खेळला पाहिजे. मग साधी पट्टी वरून बसवा, ती हाताने दाबून किंवा अगदी हलक्या टिचकीने बसली पाहिजे आणि बसल्यावर डुगडुगता कामा नये. पट्ट्यांची जाडी आणि उंची पण व्हर्निअरने बघा, कारण पट्टीचा तळ बारवर घासत पळतो आणि उंची कमीजास्त असेल तर तो भाग बारवर प्रत्येक फेरीला आपटतो. शेवटी ड्राइव्ह लिंकचा खालचा आकार, दोन्ही कड्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरा. यातलं एक जरी जुळलं नाही तरी जोडू नका.

झिजेचं पण बघावं लागतं, कारण चेन ताणते म्हणजे रिव्हेट आणि भोकं झिजून पिच वाढतं. जुन्या ताणलेल्या चेनमध्ये कोरा तुकडा घातला की तेवढ्या भागाचं पिच कमी आणि बाकीचं जास्त, स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, ती चेन उड्या मारते आणि स्प्रॉकेट पण खराब करते. तुकडा साधारण तेवढाच वापरलेला घ्या. आणि चेन इतकी ताणली असेल की टेन्शनचा स्क्रू संपला, तर एक कडी काढून ती आखूड करतात, तसं करू नका, ती चेन संपलेली आहे.

काम असं करायचं. चेन रॉकेलमध्ये धुवून पुसून घ्या. काढायच्या भागाच्या दोन्ही टोकांना खडूने खूण करा आणि तेवढ्याच ड्राइव्ह लिंकचा तुकडा दुसऱ्या चेनमधून मोजा. क्रम लक्षात ठेवा, डावा दात, पट्टी, उजवा दात, पट्टी, असा चार ड्राइव्ह लिंकचा फेर असतो. ७६ ला चारने भाग जातो म्हणून क्रम बरोबर मिटतो, ८६ ला जात नाही म्हणून तिथे एके ठिकाणी एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ येऊ शकतात, ते कंपनीतूनच तसं असतं.

चेन ब्रेकर असेल तर उत्तमच. नसेल तर १० मिमी जाड लोखंडी पट्टीला ग्राइंडरने एक खाच मारा, ड्राइव्ह लिंक त्यात उभी शिरेल एवढी, आणि खाचेच्या वरच एक भोक पाडा रिव्हेट खाली पडायला. चेन आडवी ठेवली की ड्राइव्ह लिंकचा खालचा भाग खाचेत आणि पट्टी सपाट टेकलेली, असं बसलं पाहिजे. रिव्हेटचं वरचं डोकं ग्राइंडरने पट्टीच्या लेव्हलला घासून टाका, हलक्या हाताने, पट्टीला निळा रंग चढेपर्यंत नको. मग बारीक पंच लावून एक नीट ठोका. डोकं न घासताच ठोकलं तर भोकाची कड फाटते आणि ती ड्राइव्ह लिंक पण कामातून जाते. ग्राइंडर, पंच काहीही वापरा, डोळ्यावर गॉगल पाहिजेच, रिव्हेटचा तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. निघालेला रिव्हेट परत वापरायचा नाही, आणि खिळा, सायकलची पिन, स्क्रू वगैरे तर विचारातही आणू नका.

एकच दात बदलायचा असेल तर दाताच्या समोरच्या बाजूची पट्टी काढायची, तिथे प्रीसेट येतो आणि दाताच्या बाजूला डोकी फुलवायची, म्हणजे एका दाताला एक प्रीसेट. तुकडा घालायचा असेल तर दोन जॉइंट, दोन प्रीसेट, दोन साध्या पट्ट्या. दाताचं तोंड चेन पळते त्या दिशेला आहे ना ते जोडायच्या आधी बघा, आणि पट्टी कोणती बाजू खाली करून बसते ते शेजारच्या पट्टीकडे बघून तशीच लावा.

डोकी फुलवायला स्पिनर मशीन मिळतं, त्याने डोकं गोल आणि सारखं येतं. हातोडीने करायचं तर लहान बॉल पीन हातोडी घ्या, खाली सपाट ऐरण, आणि डोक्याच्या मध्यावर जोरात हाणू नका. कडेकडेने, गोल फिरत, हलके हलके घाव. मध्यावर हाणलं की रिव्हेट आतल्या आत फुगतो आणि जॉइंट जाम होतो. चार-पाच घाव झाले की उचला, जॉइंट वाकवून बघा, परत ठेवा. कंपनीच्या शेजारच्या रिव्हेटएवढं डोकं झालं की थांबा. आता चेन त्या कडीजवळ धरून उचला, ड्राइव्ह लिंक स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे, आणि रिव्हेट बोटाने फिरता कामा नये. दोन्ही गोष्टी हव्यात. जाम वाटली तर तेल सोडून आजूबाजूला हलवून बघा, तरी मोकळी झाली नाही तर काढा आणि नवा प्रीसेट घाला.

मग कानस. नवा आलेला दात बाकीच्यांपेक्षा लांब असतो, तो एकटाच लाकडात घुसतो आणि धक्के देतो, म्हणून सगळ्यात लहान दाताएवढे बाकीचे करायचे. ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, लहान ३/८ ला ४ मिमी, कोन ३० अंश. डेप्थ गेज दाताच्या कडेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे. जास्त घासाल तर मशीन उसळी मारेल. सांधलेल्या तुकड्याचे डेप्थ गेज उंच राहिले तर ते दात नुसते फिरतात, कापत नाहीत, आणि कट एका बाजूला ओढतो.

लावायच्या आधी चेन रात्रभर बार ऑइलमध्ये बुडवून ठेवा. लावल्यावर मशीन बंद असताना हातमोजा घालून पूर्ण दोन-तीन फेऱ्या हाताने ओढा, जॉइंट बारच्या टोकावरून आणि स्प्रॉकेटवरून जाताना अडकतो का ते हाताला कळतं. अडकला तर चालू करू नका. मशीनचा चेन कॅचर, खाली स्प्रॉकेटजवळ जो लहान हूक असतो तो, तुटलेला नाही ना बघा, कारण चेन तुटली की ती मागे येते आणि तिला तोच अडवतो. ७ दातांच्या स्प्रॉकेटवर ०.३२५ ची चेन एका फेऱ्यात साडेअकरा सेंटीमीटर जाते, १०,००० आरपीएमला धरलं तर सेकंदाला १९ मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या जवळ. म्हणून पहिल्यांदा चालू करताना बारच्या रेषेत स्वतःही उभं राहू नका आणि कोणाला राहू देऊ नका, पोरं कौतुकाने बघायला येतात त्यांना लांब पाठवा. बारचं टोक जमिनीकडे, आधी हळू रेस, मिनिटभराने बंद, जॉइंट बघा, मग फुल रेस, परत बंद, परत बघा.

पहिला ओंडका मऊ घ्या, सुका ऐन किंवा बाभूळ नको. थोडं कापल्यावर चेन सैल होईल, थंड झाल्यावर टेन्शन द्या आणि डोक्यांना चीर गेलीय का ते उजेडात बघा. संध्याकाळी काम संपलं की चेन सैल करून ठेवा, गरम असताना ओढलेली चेन गार झाली की आखडते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर जातो.