चांदीवर तारेचा मीना: घरच्या भट्टीत एक पेंडंट, पत्र्यापासून कोंदणापर्यंत

मीना म्हणजे शेवटी काच. रंगीत काचेची पूड धातूवर पसरायची आणि भट्टीत वितळवून तिथेच बसवायची. अडचण एकच, पण मोठी: तापल्यावर चांदी काचेपेक्षा बरीच जास्त पसरते आणि निवताना तितकीच जास्त आकसते. भेगा, उडालेले टवके, वाकलेली चकती या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. उरलेल्या तक्रारी अस्वच्छतेच्या. भट्टीला उगाच दोष दिला जातो.

इथे उदाहरणाला २६ मिमी व्यासाचं गोल पेंडंट घेतलं आहे: पातळ चांदीच्या तारेचे कप्पे, त्यांत रंग, आणि तयार चकती वेगळ्या कोंदणात बसवलेली. पहिल्या कामाला अंगठी घेऊ नका. अंगठी दिवसभर कुठे ना कुठे आपटते आणि काच ती काचच.

चांदी कोणती

मीन्याच्या चकतीसाठी शुद्ध ९९९ चांदी (हजारात ९९९ भाग चांदी) घ्या. ती ९६१ अंशांना वितळते, म्हणजे ८०० अंशांच्या भट्टीत तिला धोका नाही, आणि तापवून काळीही पडत नाही. ९२५ चांदीत तांबं असतं. ती ८०० अंशांच्या आसपासच मऊ पडून वितळू लागते, शिवाय तांब्यामुळे काचेखाली करडे-जांभळट डाग येतात. तापवून, आम्लात टाकून, पुन्हा तापवून असं पाच-सहा वेळा केलं की वर शुद्ध चांदीचा पातळ थर तयार होतो आणि ९२५ वरही मीना चढतो. पण घरी शिकताना ही उठाठेव कशाला? ९२५ चांदी कोंदणासाठी ठेवा, तिथे तिचा कडकपणा उपयोगी पडतो.

पत्रा ०.८ मिमी जाडीचा घ्या. २६ मिमीच्या चकतीला साधारण साडेचार ग्रॅम चांदी लागते. कप्प्यांसाठी शुद्ध चांदीची चपटी तार, ०.१५ मिमी जाड आणि १ मिमी उंच, अर्धा मीटर पुरते. काचपूड पुढची-मागची मिळून पाच-सहा ग्रॅम.

चकती करवतीने कापून कडा कानसा. मग लाकडी खळग्यात ठेवून लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने हलका बाक द्या. २६ मिमीला मध्यभागी दीड मिमी उंची पुरे. सपाट चकती तापताना वाकडीतिकडी होते, बाकदार चकती आकार धरून राहते.

धुणं

चकती नळाखाली काचतंतूच्या ब्रशने घासा, हातात रबरी हातमोजे असू द्या. पाणी पृष्ठभागावर सलग पसरलं तर चकती स्वच्छ. थेंब गोळा होत असतील तर तेलकटपणा बाकी आहे, पुन्हा घासा. यानंतर तिला फक्त कडेने धरायचं. अंगठ्याचा एक ठसा पुढे काचेखाली कायमचा दिसू शकतो.

काचपूडही धुवावी लागते, आणि पारदर्शक रंगांच्या बाबतीत याला पर्याय नाही. ८० नंबरच्या जाळीतून गाळलेली पूड छोट्या काचेच्या भांड्यात घ्या, पाणी घालून ढवळा, दाणे तळाला बसेपर्यंत काही सेकंद थांबा आणि वरचं दुधाळ पाणी ओतून टाका. सहा ते आठ वेळा केलं की पाणी नितळ येतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा. त्या दुधाळ पाण्यात पिठासारखी बारीक काच असते. ती राहिली तर दाण्यांमध्ये हवा अडकते, सूक्ष्म बुडबुडे होतात आणि निळा रंग निळा न दिसता धुरकट दिसतो. हे पाणी बेसिनमध्ये ओतू नका. एका बरणीत साठवा, तळाशी बसलेला गाळ वाळवून पाठीच्या थरासाठी वापरता येतो. ओली पूड आठवडाभर तशीच ठेवली तर खराब होते; लागेल तेवढीच धुवा, उरलेली वाळवून ठेवा.

काही मीन्यांत शिसं असतं, काहींत नसतं. डब्यावर वाचून घ्या आणि एकाच चकतीवर दोन्ही प्रकार मिसळू नका. कोरडी पूड चाळताना कणरोधक मास्क लावा, टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्या टेबलावर खाणंपिणं नाही.

आधी पाठ, मग पुढची बाजू

चांदीच्या एकाच बाजूला काच असली की निवताना ओढ एकाच बाजूने बसते आणि काच तडकते. म्हणून पाठीवरही मीना हवा, साधारण पुढच्याइतकाच जाड. पाठीवर पाण्यात मिसळलेला डिंकाचा पातळ हात द्या, चाळणीतून पूड एकसारखी भुरभुरा, भट्टीच्या डोक्यावर ठेवून पूर्ण वाळवा. ओलसर चकती भट्टीत गेली की वाफेने पूड उडते आणि चकतीवर टक्कल पडतं. वाफ येणं थांबल्यावर आणखी दोन मिनिटं थांबा.

भट्टी ८०० अंशांवर स्थिर झाली की चकती स्टीलच्या तिकाटण्यावर (तीन टोकांच्या आधारावर) ठेवून, जाळीसकट लांब काट्याने आत सरकवा. तिकाटण्याने फक्त कडेला आधार द्यावा, नाहीतर पाठीवर खुणा उठतात. दार उघडताच तापमान ५० अंश किंवा त्याहून जास्त उतरतं. आकडा पुन्हा चढू लागला की लक्ष ठेवा. आधी पूड काळपट होते, मग साखरेच्या दाण्यांसारखी खरखरीत, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत चकाकी येते, शेवटी पृष्ठभाग पाण्यासारखा सपाट होतो. हे सगळं दीड ते तीन मिनिटांत. घड्याळापेक्षा या चार अवस्थांवर विश्वास ठेवा, कारण प्रत्येक भट्टीची वेळ निराळी. पाठीचा पहिला थर संत्र्याच्या सालीवरच काढा, तो पुढे प्रत्येक वेळी भाजलाच जाणार आहे.

बाहेर काढताना जाड हातमोजे आणि लालबुंद भट्टीचा झोत अडवणारा चष्मा हवा. गरम चकती पंख्याखाली किंवा गार फरशीवर ठेवू नका, जाळीवर सावकाश निवू द्या. गरम असताना रंग विचित्र दिसतात, लाल तर काळाच दिसतो. निवला की परत येतो.

पुढच्या बाजूला आधी बिनरंगी पारदर्शक मीन्याचा पातळ थर. बाजारात याला ‘फ्लक्स’ म्हणतात. डाख देताना लागणाऱ्या टाकणखाराशी याचा संबंध नाही. चांदीसाठीचाच मागून घ्या, तांब्यासाठीचा चांदीवर पिवळट पडतो.

तार

नक्षी कागदावर प्रत्यक्ष मापात काढा, वर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि चिमट्याने तार वाकवत त्या रेषांवर उभी करत चला. सरळ तुकडा उभा राहत नाही, आडवा पडतो. प्रत्येक तुकड्याला थोडं तरी वळण द्या. टोकं अगदी काटकोनात कापा, दोन तारांत केसाएवढी फट राहिली तरी एका कप्प्याचा रंग दुसऱ्यात झिरपतो. चकती बाकदार असल्याने तारेचा तळ सगळीकडे टेकतोय का ते डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा.

डिंकाने तारा चिकटवा, वाळवा, ७९० अंशांवर भाजा. बिनरंगी थर चकाकला आणि तार त्यात किंचित रुतली की लगेच बाहेर. अर्धा मिनिट जास्त झालं तर तारा तिरक्या होऊन बुडतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

रंग

००० नंबरच्या ब्रशने ओली पूड कप्प्यात थोडी थोडी ठेवा, कडेला हलकं टिचकं मारून दाणे बसवा, टिश्यू पेपरच्या कोपऱ्याने पाणी ओढून घ्या. कप्पा एकाच दमात भरण्याचा मोह आवरा. जाड थरात बुडबुडे अडकतात आणि भेगा पडतात. भाजल्यावर थर जवळजवळ निम्मा बसतो, त्यामुळे तारेच्या उंचीला यायला चार-पाच फेऱ्या लागतातच. दर दोन फेऱ्यांनी पाठीवरही एक हात द्या.

निळे, हिरवे, राखाडी पारदर्शक रंग थेट चांदीवरही खुलतात. लाल, नारिंगी, गुलाबी मात्र चांदीला सरळ लागले की तपकिरी किंवा पिवळट होतात, म्हणून तो बिनरंगी थर. कोणताही नवा डबा आणला की चांदीच्या टाकाऊ तुकड्यावर अर्धा थेट, अर्धा बिनरंगी थरावर असा भाजून पाहा आणि मागे नाव खरवडून ठेवा. डब्यातल्या पुडीचा रंग पाहून अंदाज बांधणं निव्वळ जुगार आहे.

घासणं

शेवटची फेरी निवल्यावर वाहत्या पाण्याखाली २२० ग्रिटच्या कार्बोरंडम कांडीने घासा, मग ४००, ६०० आणि १२०० चे डायमंड पॅड. पृष्ठभाग पुसून वाळवला की खोल राहिलेले भाग चमकतात आणि घासले गेलेले भाग मंद दिसतात. चमकणाऱ्या जागी पूड भरून पुन्हा भाजा, पुन्हा घासा. कोरडं कधीही घासू नका. मग काचतंतूच्या ब्रशने कसून धुवा. छिद्रात अडकलेली घासणकामाची धूळ भाजल्यावर राखाडी डाग होऊन बसते. शेवटी ८०० अंशांवर मिनिटभर भाजलं की काचेची झळाळी परत येते. मंद पोत आवडत असेल तर हे भाजणं सोडा, ३००० ग्रिटपर्यंत हाताने घासून मेण लावा. बारीक नक्षीला तेच जास्त शोभतं.

कोंदण

डाख आणि मीना एकमेकांपासून दूर ठेवणं हाच घरच्या कामाचा सोपा मार्ग. डाखावर चढवलेला मीना खड्डे धरतो, आणि मीना चढलेल्या तुकड्याला ज्योत लावली तर तडकतो. म्हणून कोंदण वेगळं बनवून पूर्ण करायचं आणि चकती थंडपणे बसवायची.

चकतीचा व्यास भाजल्यानंतर मोजा, बाकामुळे तो थोडा कमी झालेला असतो. समजा २५.५ मिमी आला आणि पट्टी ०.३ मिमी जाड आहे. पट्टीची लांबी = (२५.५ + ०.३) × ३.१४, म्हणजे ८१ मिमी. पट्टीची उंची चकतीच्या कडेच्या वर पाऊण मिमी उरेल इतकीच; जास्त उंच ठेवली तर वळवताना सुरकुत्या पडतात. सांधा हार्ड डाखाने, ९२५ च्या ०.५ मिमी तळाला मीडियमने, वरची कडी ईझीने. प्रत्येक पुढचा डाख आधीच्यापेक्षा कमी तापमानाला वाहतो, त्यामुळे जुने सांधे सुटत नाहीत. तळाला मधोमध भोक ठेवा, चकती अडकली तर मागून ढकलून काढता येते.

डाखानंतर सोडियम बायसल्फेटच्या कोमट द्रावणात, एक लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम, काळेपणा जाईपर्यंत ठेवा. पूड पाण्यात घाला, पाणी पुडीवर ओतू नका. चिमटा तांब्याचा वापरा; लोखंडाचा बुडवला की चांदीवर तांब्याचा लालसर मुलामा चढतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. मीन्याची चकती या द्रावणात टाकू नका, बऱ्याच रंगांची चकाकी जाते.

कोंदणाला ओप देऊन झाल्यावरच चकती ठेवा. ती सगळ्या कडेने टेकली पाहिजे. एका बाजूला पोकळ राहिली तर दाबताना तिथेच तडकते. पट्टी समोरासमोर दाबा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मग मधल्या जागा. एकाच बाजूने फिरत गेलात तर शेवटी पट्टीचा फुगवटा उरतो. ओपणीने (घासून चकाकी देणाऱ्या गुळगुळीत हत्याराने) कडा बसवताना जोर धातूवर द्या, काचेकडे घसरू देऊ नका.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

निवताना किंवा दुसऱ्या दिवशी आरपार भेग दिसली तर पाठीचा थर पातळ आहे किंवा चकती झटक्याने निवली. कडेचा टवका उडाला तर तिथे काच जाड साचली होती. काळे ठिपके भट्टीच्या छतातून किंवा गंजक्या तिकाटण्यावरून पडतात; दर भाजणीआधी आतून ब्रश फिरवा. तारांभोवती पिवळट कड आली तर जास्त तापलं आहे. पुढच्या वेळी १० अंश कमी करा. संत्र्याच्या सालीसारखा पोत राहिला तर उलट, पुन्हा आत जाऊ द्या. हा दोष सगळ्यांत सोपा, बाकीचे घासून काढावे लागतात.

तयार पेंडंट अल्ट्रासॉनिक किंवा वाफेच्या यंत्रात धुऊ नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. कडी तुटली तर ज्योत लावण्याआधी चकती कोंदणातून काढावीच लागते, आणि तळाचं भोक तेव्हा कामी येतं.