अळीचं चित्र: आधी पाय मोजा, मग ब्रश भिजवा

माझी पहिली अळी फार सुंदर झाली होती. हिरवा असा उतरला होता की मीच दोन दिवस येता-जाता बघत होते. मग कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीनं ते चित्र हातात घेतलं, पोटाखाली बोट फिरवत काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "ही फुलपाखराची नाही गं, ही सॉफ्लायची झाली." सॉफ्लाय हा मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गोतातला कीटक. त्याची अळी थेट सुरवंटासारखी दिसते, पण पोटाखाली मांसल पायांच्या सहा किंवा त्याहून जास्त जोड्या असतात. फुलपाखरं आणि पतंग यांच्या अळीत त्या सहसा पाचाच्या वर जात नाहीत. मी अंदाजानं सहा काढल्या होत्या, रांग छान दिसते म्हणून!

तेव्हापासून अळी समोर आली की पहिला अर्धा तास रंगांची पेटी उघडायचीच नाही, असा माझा नियम आहे. फक्त मोजायचं. डोकं, मग छातीचे ३ खंड, मग पोटाचे १०. छातीच्या प्रत्येक खंडावर सांध्यांच्या खऱ्या पायांची एक जोडी. पोटाचे पहिले दोन खंड रिकामे. तिसऱ्या ते सहाव्या खंडावर मांसल पायांच्या चार जोड्या, सातवा-आठवा-नववा पुन्हा रिकामे आणि दहाव्यावर शेवटची जोडी. पाठीची कमान करत चालणाऱ्या जिओमेट्रिड अळ्यांत मात्र पोटावर सहाव्या आणि दहाव्या खंडावरच पाय असतात; म्हणून तर त्यांना कमान करावी लागते.

वळ्या पडलेल्या गुबगुबीत अळीत खंड कुठे संपतो तेच कळत नाही. अशा वेळी १० पटींच्या भिंगातून श्वासरंध्रं शोधा. कुशीवर बारीक लंबगोल ठिपके दिसतात. एका बाजूला ९ असतात: एक छातीच्या पहिल्या खंडावर आणि बाकीची पोटाच्या पहिल्या आठ खंडांवर. छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडावर नसतात. हे नऊ ठिपके कागदावर नीट बसले की पाय, पट्टे, शिंगं सगळं त्यांच्या आधारानं लागतं. हॉकमॉथ या पतंगाच्या अळीचं शेपटाकडचं शिंग पोटाच्या आठव्या खंडावर असतं, अगदी टोकाला नाही. रुईवरच्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळीला मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात: छातीचा दुसरा खंड, पोटाचा दुसरा आणि आठवा. एक खंड इकडेतिकडे झाला तर चित्र 'साधारण तसंच' दिसेल, आणि ओळख पटवायला काही कामाचं राहणार नाही.

अळी स्थिर बसत नाही ही सगळ्यांची तक्रार. काही मिनिटं फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ठेवली तर मंदावते, पण तेव्हाची ढिली पडलेली ठेवण चित्रात घेऊ नका; तेवढ्यात मोजमापं उरकून घ्या. ठेवण घ्यायची ती पानावर बसलेली असताना. आणि एखादी अळी आपण होऊन दिवसभर निश्चल बसली तर हुरळून जाऊ नका. ती बहुधा कात टाकायच्या तयारीत असते. रंग मंद पडलेला असतो आणि जुनं डोकं पुढे सरकल्यामुळे मान विचित्र लांब दिसते. एकदा मी दोन संध्याकाळी अशाच एका 'गुणी' अळीवर घालवल्या. तिसऱ्या दिवशी पेटीत वेगळीच अळी होती. लिंबावरच्या स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळीचं तर माहीतच असेल: लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी, शेवटच्या अवस्थेत हिरवीगार. म्हणून कितवी अवस्था आहे ते चित्रावर लिहायचंच.

केसाळ अळ्या ब्रशनंच हलवा. काहींचे केस आणि काटे चांगलेच आग करतात, टाकलेल्या कातेवरचेसुद्धा.

आता रेखाटन. शास्त्रीय चित्रात अळी सहसा बाजूनं, डोकं डावीकडे असं दाखवतात, आणि उजेड वर-डावीकडून. ३८ मिलिमीटरची अळी मी चौपट घेते, म्हणजे कागदावर १५२. ग्राफ पेपरवर डिव्हायडरनं मापं उतरवायची, खाडाखोड तिथेच करायची आणि ट्रेसिंग पेपरनं स्वच्छ रेघ मूळ कागदावर न्यायची. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), सुती, हॉट-प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत. खडबडीत कागदावर श्वासरंध्र म्हणजे नुसता डाग होतो. पेन्सिल २एच, हलक्या हातानं. प्रमाण दाखवणारी मोजपट्टीची रेघ आत्ताच आखून ठेवा: चौपट चित्रात १० मिलिमीटरसाठी ४० मिलिमीटर. नंतर राहून जाते.

हिरव्याबद्दल थोडं सविस्तर. ट्यूबमधला तयार हिरवा वापरू नका. अनेक हिरव्या अळ्यांचा रंग मुळात दोन रंगद्रव्यांचा असतो: खाल्लेल्या पानांतून आलेली पिवळी कॅरोटिनॉइडं आणि अळीच्या शरीरातलं निळं पित्तद्रव्य. तेव्हा आपणही तसंच करावं. आधी लिंबाळ पिवळ्या जलरंगाचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर, तो पूर्ण वाळला की वर निळ्याचा त्याहून पातळ थर. त्वचेतून आत काहीतरी दिसतंय असा जो भास हवा असतो, तो पॅलेटवर कालवलेल्या हिरव्यातून येत नाही. पोटातलं पान गडद दिसतं, ते तिसऱ्या थरात. लालसाठी जुना अलिझरिन क्रिमसन टाळा, उजेडात उडतो. क्विनॅक्रिडोनचा लाल टिकतो.

छटा देताना मात्र अळी तुम्हाला फसवते. फसवण्यासाठीच ती तशी रंगलेली असते. उजेडाकडची बाजू गडद आणि सावलीतली फिकट, म्हणजे ऊन पडल्यावर दोन्ही सारख्या दिसतात आणि अळी पानासारखी सपाट भासते. फांदीला उलट्या लटकणाऱ्या काही हॉकमॉथच्या अळ्यांत म्हणूनच पोट गडद आणि पाठ फिकट असते. तेव्हा स्वतःला विचारा, हा गडदपणा रंगाचा की सावलीचा? मी अळीला चारही बाजूंनी फिरवून पाहते. सगळीकडून जो तसाच राहतो तो रंग, तो आधी. सावली नंतर, पातळ निळसर राखाडीनं, आणि कमीच. उलटी लटकणारी अळी सुलटी काढून तिला नेहमीसारखी खालून सावली दिलीत, तर पोट कोळशासारखं होतं. माझं झालं आहे.

केस सर्वांत शेवटी. शून्य नंबरचा टोकदार सेबल ब्रश, मुळापासून बाहेर, टोकाकडे उचलत. केस कुठूनही उगवत नाहीत. ठरलेल्या गाठींवरून उगवतात, म्हणून आधी गाठी. पांढऱ्या केसाची युक्ती अशी: गडद अंगावरून जातो तिथे तो पांढऱ्या ग्वाशनं (अपारदर्शक जलरंगानं) काढायचा, आणि तोच केस कागदावर उतरला की तिथून पुढे फिकट राखाडीनं. डोळा दोन्ही तुकडे आपोआप जोडतो. मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला आधी लावायचा द्रव) मला आवडत नाही, केसाऐवजी शेवया दिसतात. चकचकीत डोक्यावरची चमक मात्र ग्वाशनं नको, कागदच पांढरा सोडा.

अळी खाते ते पान चित्रात हवंच, कुरतडलेल्या कडेसकट. कीटकांची चित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये, बावन्न वर्षांची असताना, कीटक पाहायला दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिच्या चित्रांत अळी आणि तिची वनस्पती सोबतच असतात. खाली लिहायचं: तारीख, लांबी, अवस्था, वनस्पती, आणि नाव. नाव पेन्सिलीनं. अळी वाढवून, कोषातून पतंग निघाल्यावरच शाई. माझ्याकडे एक तपकिरी, कुशीवर तिरपे पट्टे असलेली अळी आहे, दोन आठवडे खपून काढलेली. तिच्या कोषातून पतंगाऐवजी सात परजीवी माश्या बाहेर आल्या. नावाची जागा अजून कोरी आहे. शेजारी त्या सातांपैकी एक माशी काढून ठेवली आहे, आठपट.