आधी रेघ, मग रंग: व्हॉल्यूम डेटाचं समजेल असं चित्र

व्हॉल्यूम रेंडरिंग, म्हणजे त्रिमितीत पसरलेल्या आकड्यांचं चित्र काढणं, शिकणाऱ्या अनेकांच्या हातून एकदा तरी तो लॉब्स्टर जातोच. रेझिनच्या ठोकळ्यात बसवलेल्या लॉब्स्टरचा सीटी स्कॅन, ३०१ × ३२४ × ५६ व्हॉक्सेल (व्हॉक्सेल म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल), दर व्हॉक्सेलला एक बाइट. सगळा डेटा मिळून जेमतेम साडेपाच एमबी. मीही त्याच्यावरच हात बसवला. पहिल्या दिवशी स्क्रीनवर आलं ते राखाडी धुकं, आणि धुक्यात एक लालसर गोळा. रेझिन घालवायला गेलं की पायांची टोकं गायब, टोकं परत आणली की रेझिनही परत. ट्रान्सफर फंक्शनचे, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग आणि किती अपारदर्शकता हे ठरवणाऱ्या आलेखाचे, बिंदू इकडून तिकडे सरकवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

तेव्हा कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं जर्नल आठवलं. पेन्सिलीने छटा भरून बोटाने घासली की मॅडम पान परत करायच्या. "घासायचं नाही. बाहेरची रेघ स्वच्छ, आतली हवी तेवढीच, आणि खोलगट दिसायला हवं तिथे ठिपके." दोन संध्याकाळी मी घासतच बसले होते! साधं ट्रान्सफर फंक्शन एकच विचारतं: या जागी आकडा किती? पेन धरणारा विचारतो: पृष्ठभाग कुठे आहे, कुठे वळतो, कुठे नजरेआड होतो? हा दुसरा प्रश्न शेडरला (पिक्सेलचा रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) विचारायला लावायचा, बाकी सगळी तंत्रं त्यातूनच निघतात. डेव्हिड एबर्ट आणि पेनी राइनगान्स यांच्या २००० सालच्या शोधनिबंधात सीमा ठळक करणं, बाह्यरेषा, वलयं, उष्ण-शीत छटा हे सगळं एकत्र मांडलेलं सापडतं. 'व्हॉल्यूम इलस्ट्रेशन' हे नावही तिथलंच.

कोड उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: हे चित्र काय सांगणार आहे? माझं वाक्य होतं, "लॉब्स्टरचे पाय कुठून फुटतात आणि कुठे वाकतात." एवढं लिहिल्याबरोबर निम्मे निर्णय झाले. पायांना ठळक रेघ, पाठीचं कवच नुसतं संदर्भापुरतं, मांस नको, रेझिन नकोच नको. तुमचं वाक्य "सगळं दिसायला हवं" असं निघालं तर एका चित्रावर भागणार नाही, दोन करा.

मग डेटाची मापं तपासा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि मी ती गाळली होती. या लॉब्स्टरच्या व्हॉक्सेलचं प्रमाण १ × १ × १.४ आहे, म्हणजे स्लाइसमधलं अंतर आडव्या-उभ्या अंतरापेक्षा जास्त. चित्र योग्य ताणून दाखवायचं मला सुचलं, पण ग्रेडियंट काढताना तिन्ही दिशांना सारखंच भागलं. ग्रेडियंट म्हणजे शेजारच्या दोन व्हॉक्सेलमधला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर. आडव्या दिशेत २ ने भागायचं, तर स्लाइसच्या दिशेत २.८ ने. ते न केल्यामुळे स्लाइसच्या दिशेचा घटक १.४ पट फुगला आणि ४५ अंशांवर असलेला नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा, ती ग्रेडियंटवरूनच मिळते) ५४ अंशांच्या पुढे झुकला. छायाप्रकाश कुठेतरी खटकत होता, पण काय चुकतंय ते कळायला बराच वेळ लागला. तुम्ही चाचणीसाठी एक गणिती गोल तयार करा, त्याच मापांच्या व्हॉक्सेलमध्ये बसवा आणि त्यावर उजेड टाका. गोल गोलच दिसला तर पुढे जा.

ग्रेडियंट काढण्याआधी डेटा थोडा गुळगुळीत करावा लागतो. एका व्हॉक्सेलच्या आसपास सिग्माचा (पसाऱ्याचा) गाउसियन फिल्टर बहुतेक वेळा पुरतो. मात्र ही गुळगुळीत प्रत फक्त ग्रेडियंटसाठी वापरायची, रंग आणि अपारदर्शकता मूळ आकड्यांवरूनच ठरवायची. दोन्हीकडे एकच प्रत वापरली तर बारीक पाय विरघळतात.

आता पहिलं खरं तंत्र: सीमा वर काढणं. अपारदर्शकतेला ग्रेडियंटच्या परिमाणाने, म्हणजे तो किती मोठा आहे त्याने, गुणायचं. ही कल्पना मार्क लेव्हॉय यांनी १९८८ मध्येच वापरली होती. आकडा जिथे झपाट्याने बदलतो तिथे दोन पदार्थ भेटतात, म्हणजे तिथे पृष्ठभाग आहे. जिथे सगळीकडे एकच आकडा, तिथे पाहण्यासारखं काही नाही. रेझिनच्या पोटात ग्रेडियंट जवळपास शून्य, त्यामुळे ज्या रेझिनशी मी दोन संध्याकाळी झटत होते ते एका गुणाकारात निघून गेलं. मी साधारण ०.१ चा पाया ठेवते आणि उरलेला ०.९ भाग ग्रेडियंटच्या हवाली करते, म्हणजे आतला भाग अगदीच पोकळ भासत नाही. दोन पदार्थांच्या सीमेवर आणखी एक चकवा असतो. कवचाचा आकडा मोठा, रेझिनचा लहान, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत मांसाचा आकडा लागतोच. त्यामुळे कवचाच्या बाहेर मांसाच्या रंगाचा पातळ पापुद्रा चढतो. आकडा मांसाचा पण ग्रेडियंट मोठा असेल तर ती सीमा धरायची, मांस नव्हे. म्हणून ट्रान्सफर फंक्शन दोन अक्षांचं करा, आकडा आणि ग्रेडियंट.

बाह्यरेषेवर मात्र वेळ घालवा, चित्र तिथेच उभं राहतं किंवा पडतं. पृष्ठभागाचा नॉर्मल आणि नजरेची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट घ्या (दोन्ही एकाच दिशेला असतील तर तो १, काटकोनात असतील तर ०), चिन्ह काढून टाका, १ मधून वजा करा आणि उत्तराचा घात करा. घात ४ असेल तर काय होतं पाहा. नॉर्मल नजरेपासून ६० अंशांवर असेल तर उत्तर ०.०६, म्हणजे रेघ नाहीच. ८० अंशांवर ०.४७, आणि ९० अंशांवर पूर्ण १. घात १० केला तर ८० अंशांवर फक्त ०.१५ उरतं आणि रेघ बारीक होते. जिथे पृष्ठभाग नजरेआड वळतो नेमकी तिथेच शाई पडते, हाताने काढतानाही तसंच करतो. ही किंमत रंग काळा करायलाही वापरा आणि अपारदर्शकता वाढवायलाही. नुसता रंग काळा केला तर पारदर्शक भागातली रेघ पुसट राहते.

इथे पहिल्यांदा माझ्या चित्रावर माशा बसल्यासारखे काळे ठिपके पसरले. कारण साधं होतं. ग्रेडियंट जवळपास शून्य असतो तिथे त्याला धड दिशा नसते, नुसता नॉइज असतो, आणि त्या नॉइजमधला कुठला तरी नॉर्मल ९० अंशांवर पडणारच. रेघेच्या किमतीला ग्रेडियंटच्या परिमाणाने गुणलं की माशा उडतात.

दुसरी अडचण जाडीची, आणि ती घाताने सुटत नाही. पाठीचं कवच सपाट असल्यामुळे तिथे कडेला मोठा पट्टाच्या पट्टा ८० अंशांपलीकडे जातो आणि रेघेऐवजी काळा डाग पडतो. पाय बारीक, वळण तीव्र, तिथे रेघ केसासारखी. आणि माझं वाक्य तर पायांबद्दल होतं! यावर गॉर्डन किंडलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेला उपाय मला फार आवडतो: नजरेच्या दिशेतली वक्रता (१ भागिले गोलाईची त्रिज्या) मोजा आणि रेघेची मर्यादा तिच्यावरून ठरवा. हवी ती जाडी गुणिले वक्रता, या गुणाकाराला एक नाव द्या, समजा 'क'. डॉट प्रॉडक्ट 'क × (२ − क)' च्या वर्गमुळापेक्षा कमी असेल तर तिथे रेघ. जाडी १ व्हॉक्सेल हवी असेल, तर २० व्हॉक्सेल त्रिज्येच्या गोलाईवर मर्यादा ०.३१ येते आणि ४ व्हॉक्सेल त्रिज्येच्या पायावर ०.६६. म्हणजे पायाला सूट जास्त, पाठीला कमी, आणि दोन्हीकडे रेघ सारख्याच जाडीची. मग पायांसाठी जाडी मुद्दाम दीडपट करा, चित्राचा मुद्दा आपोआप पुढे येतो. वक्रतेला दुसरे डेरिव्हेटिव्ह लागतात आणि ते नॉइजला फार हळवे असतात, म्हणून इथे क्यूबिक बी-स्प्लाइनसारखा मऊ फिल्टर घ्या.

एवढं जमल्यावर मी आनंदाने किरणावरचं सॅम्पलिंग, म्हणजे नजरेच्या किरणावर पावलापावलाने आकडे वाचणं, दुप्पट केलं, चित्र आणखी सुबक होईल म्हणून. झालं उलट, सगळा लॉब्स्टर काळवंडला. एका पावलाला ०.३ अपारदर्शकता ठरवली होती. तेवढ्याच अंतरात दोन पावलं पडली की ती ०.५१ होते. पाऊल अर्धं केलं तर दर पावलाची अपारदर्शकता ०.१६ करायला हवी: १ वजा ०.३ म्हणजे ०.७, त्याचं वर्गमूळ ०.८४, ते पुन्हा १ मधून वजा. ही दुरुस्ती रेघेची भर घालून झाल्यावर, सगळ्यात शेवटी करा. आधी केली तर सॅम्पलिंग बदललं की फक्त रेघाच जाड-बारीक होत राहतात.

रंगाला मी इतक्या उशिरा हात घालते याचं लोकांना नवल वाटतं. पण रेघा बसल्यावर रंग फार थोडा लागतो. नेहमीच्या छायांकनात अंधारी बाजू काळ्याकडे जाते आणि काळी रेघ त्यात बुडते. एमी गूच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सुचवलेली पद्धत घ्या: उजेडाकडची बाजू उष्ण, पिवळसर, उजेडापासून वळलेली शीत, निळसर, दोन्ही मध्यम उजळ. काळा रेघेसाठी राखीव, पांढरा चकाकीसाठी. सूत्राशी खेळायचा कंटाळा असेल तर एका गोलावर हवी तशी छटा रंगवा आणि ते चित्रच टेक्स्चर म्हणून वापरा: नॉर्मल ज्या दिशेला, गोलावरच्या त्या ठिकाणचा रंग. श्टेफान ब्रुकनर आणि एदुआर्द ग्रोलर यांनी २००७ मध्ये हीच युक्ती ट्रान्सफर फंक्शनमध्ये आणली. कवचाला एक गोल, पायांना दुसरा, असं करता येतं. हाताने रंगवायची सवय असलेल्यांना याच्याइतकं सोपं काही नाही.

पाय एकमेकांवरून जातात तिथे पुढच्या पायाच्या कडेलगत मागचा पाय थोडा फिकट करा, पुढचा सुटा दिसतो. हेच वलय. जरा बेतानेच द्या, जास्त झालं की कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं.

ठिपक्यांचा मोह मलाही झाला, जर्नलची सवय ना! कागदावर छापायच्या एका चित्रासाठी ते देखणे दिसतात. पण ठिपके स्क्रीनच्या जागेवरून ठरवले तर वस्तू फिरवल्यावर ते काचेवर चिकटल्यासारखे जागच्या जागी राहतात आणि लॉब्स्टर त्यांच्याखालून सरकतो. ठिपके व्हॉल्यूममध्येच, त्रिमितीत पेरावे लागतात, आणि मग जवळ-लांब करताना त्यांची संख्याही सांभाळावी लागते. फिरतं दृश्य हवं असेल तर माझा सल्ला: नका करू.

पाठीचं कवच पायांच्या मुळांवर येतं, ते बाजूला कसं करायचं? सरळ प्रतलाने कापलं तर पायही कापले जातात. त्यापेक्षा पाय आधी वेगळे चिन्हांकित करा, त्यांना जास्त महत्त्व द्या, आणि किरणाच्या वाटेत पुढे पाय असेल तर त्याआधीचं कवच नुसत्या रेघेवर आणा. इव्हान व्हिओला आणि सहकाऱ्यांचं २००४ मधलं काम याच कल्पनेवर आहे. चिन्हांकन हाताने करताना मान दुखते, पण चित्रातला सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.

साधनांचं थोडक्यात. थ्रीडी स्लायसर या वैद्यकीय स्कॅन पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंटवरून अपारदर्शकता ठरवायची सोय तयार आहे, सीमा वर काढण्यापुरतं तिथेच भागतं. व्हीटीके या प्रोग्रामिंग लायब्ररीमध्ये तीच सोय कोडमधून मिळते, आणि बाह्यरेषा हवी असेल तर त्याच्या रे-कास्टिंग शेडरचा तुकडा बदलून आपला घालता येतो. शेडर लिहायचाच असेल तर एका वेळी एकच परिणाम चालू ठेवा. रेघ तपासताना रंग बंद, रंग तपासताना वलय बंद.

चित्र झालं की मी ते करड्या रंगात बदलते आणि अंगठ्याएवढं करून पाहते. पाय मोजता आले तर ठेवते, नाहीतर परत जाडीकडे. आणि चित्राखाली हमखास लिहिते की रेघा ठळक केल्या आहेत, जाडी अमुक, घात तमुक, अमुक भाग काढलेला आहे. कारण पायाची खरी जाडी कुणी या चित्रावरून मोजायला गेलं तर ते माझी शाईच मोजतील. मोजमाप करायचं असेल त्यांना मूळ स्लाइस द्यायच्या.