मास्क गाळतो, फट गाळत नाही

मी फिट टेस्ट घेते. धुळीत किंवा आजारी माणसांजवळ काम करणाऱ्यांचा मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसतो का, हे तपासणं माझं काम. माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा, त्यात सॅकरिनच्या द्रावणाचा बारीक फवारा सोडायचा आणि विचारायचं, "गोड लागतंय का?" आधी मास्क न लावता सौम्य द्रावण देऊन बघते, कारण चवच कळत नसेल तर पुढच्या उत्तराला अर्थ नाही. मग मास्क लावून कडक द्रावण.

परवा एक वेल्डरदादा आले. कोरा एन-९५ होता. मिनिटभर साधा श्वास घेतला, काही नाही. मिनिटभर खोल श्वास घेतला, तरी काही नाही. मान डावीकडे वळवली आणि लगेच म्हणाले, "ताई, लागलं गोड." हनुवटीखाली दोन दिवसांची दाढी होती. दाढी करून परत आले, त्याच जातीचा मास्क लावला आणि चाचणीतल्या सातही हालचाली पार पडल्या, खाली वाकण्यासकट.

आता हिशेब करून बघा. एन-९५ची गाळणी किमान ९५ टक्के कण अडवते, म्हणजे १०० पैकी फार तर ५ आत येतात. पण श्वासातली १० टक्के हवा कडेच्या फटीतून आली, तर ते १० कण न गाळताच आत. उरलेल्या ९० पैकी साडेचार गाळणीतून निसटले. एकूण साडेचौदा. याच फटीसह ९९ टक्क्यांची महागडी गाळणी लावलीत तरी जवळजवळ ११ कण आत येणारच. फट बुजवली, तर साध्या एन-९५मध्येही पाचच. म्हणून आकडा वाचण्याआधी चेहरा बघा, असं मी प्रत्येकाला सांगते.

तरी आकडे माहीत हवेत. युरोपातल्या एफएफपी-२ प्रतीच्या मास्कला किमान ९४ टक्के आणि एफएफपी-३ला ९९ टक्के गाळावं लागतं. एन-९५ची चाचणी मिठाच्या सुक्या कणांवर होते, मिनिटाला ८५ लिटर हवा खेचून. म्हणजे कष्टाचं काम करताना लागणारा श्वास. 'एन' म्हणजे तेलकट धुक्यासाठी नाही. तिथे 'पी' गटातला मास्क घ्या.

पुष्कळांना वाटतं, मास्क म्हणजे चाळण. तसं नसतं. आत पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या अतिबारीक तंतूंचं जाळं असतं. जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, तंतूवर आदळतात. अगदी बारीक कण सैरभैर हलत राहतात आणि कुठेतरी धडकतात. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, म्हणून परीक्षा त्यांच्यावरच. त्यांना ओढून घ्यायला तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. याच कारणासाठी मास्क धुऊ नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. साबणाने धुऊन वाळवलेला मास्क दिसतो स्वच्छ, पण भार गेलेला असतो. मला हे फार लागतं, कारण असे मास्क लोक विश्वासाने घालतात.

सर्जिकल मास्कचं कापड बरेचदा चांगलं गाळतं, पण त्याच्या दोन्ही बाजू उघड्या. तो थुंकी आणि उडणारे थेंब अडवायला केलेला आहे. दुसरं काहीच नसेल तर कानाजवळ दोरीला गाठ मारून कडेची चुणी आत दुमडा. फट बरीच कमी होते.

एन-९५ लावताना खालचा पट्टा कानांखाली मानेवर आणि वरचा डोक्याच्या मागे उंचावर घ्या. पट्ट्यांची फुली होऊ देऊ नका. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, तिथे टोक निघतं आणि नाकाच्या बाजूंनी वाट राहते. दोन्ही हातांची बोटं मधोमध ठेवून दाबत बाहेर न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर झाकून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे झुळूक आली किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर नाकाची पट्टी परत बसवा. गालाशी हवा लागली, तर पट्टे मागे ओढा. हे दर वेळी, अगदी घाई असली तरी. झडपेचा मास्क असेल तर जोरात श्वास आत घ्या, मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणून स्वतः खोकत असाल तर तो नकोच.

मास्क ओला झाला, चुरगळला, पट्टा सैल पडला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, की टाकून द्या. आणि बंद टाकीत किंवा धुराने भरलेल्या खोलीत यातला कुठलाही मास्क लावून उतरू नका. कार्बन मोनॉक्साइड यातून सरळ आत येतो आणि नसलेला ऑक्सिजन मास्क देत नाही.